पायाशी मुरणारे पाणी

पावसाळ्यात घरात ओल दिसू लागली की आपले लक्ष प्रथम छपराकडे जाते. कौले शाकारली जातात, गच्चीच्या भेगा बुजवल्या जातात. परंतु घराला पाण्याचा उपद्रव केवळ वरूनच होतो असे नाही. जमिनीत मुरलेले पाणी पायाशी साचून राहिले, तर केशाकर्षणामुळे ते भिंतीतून वर चढते. जोत्यालगतचा गिलावा फुगतो, त्याचे पोपडे निघतात, विटांना लोणा लागतो आणि फरशी महिनोन्‌महिने दमट राहते. हे पाणी प्रत्यक्ष दिसत नसल्यामुळे त्यावरचे उपायही वरवरचे होतात. भिंतीला नवा रंग दिला जातो. पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा त्याच जागी उमटते. अशा पाण्याला जमिनीखालूनच वाट काढून देणारे एक साधे साधन आहे. त्याला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. मराठीत त्यास ‘खडीचा चर’ म्हणता येईल.

खडकावरचे शहर

या साधनाची उपयुक्तता समजून घेण्यासाठी झाशी हे शहर चांगले उदाहरण आहे. ओरछाचा राजा वीरसिंह देव याने १६१३ मध्ये येथील खडकाळ टेकडीवर किल्ला बांधला. १७४२ नंतर मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी त्याचा विस्तार केला. पुढे नेवाळकरांच्या काळात येथे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे स्थायिक झाली. शहराखाली बुंदेलखंडाचा अतिप्राचीन ग्रॅनाइट खडक पसरलेला आहे. त्याच्यावर झिजलेल्या खडकाचा मुरूम आणि त्यावर मातीचा थर असतो. कोठे ही माती ‘राकड’ किंवा ‘पडुवा’ नावाची तांबडी व भुसभुशीत असते, तर कोठे ‘मार’ किंवा ‘काबर’ नावाची काळी व चिकट असते.

झाशीला वर्षभरात सरासरी सुमारे ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. तो माती व मुरूम यांतून लवकर खाली उतरतो, पण अखंड खडकाशी येऊन थबकतो. भेगा असतील तेथे थोडे पाणी खोल जाते. उरलेले खडकाच्या पाठीवरून उताराच्या दिशेने सरकू लागते. त्या वाटेत घराचा पाया आला, की तो बांधासारखा आडवा पडतो आणि वरच्या अंगाला पाणी तुंबते. म्हणूनच उतारावरील घराची टेकडीकडची भिंत ओली आणि समोरची कोरडी, असे दृश्य दिसू शकते. याच प्रदेशात उन्हाळ्यात विहिरी आटतात, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पातळ थरात पाणी फार काळ साठून राहत नाही. पावसाळ्यात पायाला नकोसे होणारे आणि वैशाखात विहिरीला हवेसे वाटणारे पाणी एकच असते.

नाव आणि इतिहास

‘फ्रेंच ड्रेन’ या नावाचा फ्रान्स देशाशी संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच हे अमेरिकेतील एक न्यायाधीश होते आणि त्यांना शेतीची आवड होती. शेतात साचणारे पाणी दगड, लाकूड आणि विशेषतः भाजलेल्या मातीच्या नळ्या वापरून कसे काढावे, याविषयी त्यांनी १८५९ मध्ये ‘फार्म ड्रेनेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या आडनावावरून हे नाव रूढ झाले. मात्र कल्पना त्यांच्याहूनही कितीतरी जुनी आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील रोमन लेखक केटो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात दगडांनी भरलेल्या चरांचा उल्लेख केला आहे. महाराष्ट्रातही कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात अतिसिंचनाने चिबड झालेल्या शेतजमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकल्या जातात. शेतात पिकांच्या मुळांचे रक्षण करणारे तत्त्वच येथे घराच्या पायासाठी वापरले जाते.

हे तत्त्व साधे आहे. मातीच्या कणांतून वाट काढताना पाण्याला विरोध होतो. चिकणमातीत हा विरोध फार मोठा आणि खडीत अत्यल्प असतो. कोणत्या थरातून किती पाणी वाहते, याचा नियम हेन्री दार्सी या अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. त्यानुसार, पायाआधीच खडीने भरलेला चर लागला तर पाणी त्यात उतरते आणि त्यातील नळीतून उताराने निघून जाते. पायापाशी पाण्याची पातळी चढतच नाही.

चर कसा करावा?

चर खणण्यापूर्वी पाणी कोठून येते ते पाहावे. पुष्कळदा दोष जमिनीचा नसून छपराच्या पागोळ्यांचा असतो. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी जमा होते. हे सारे जोत्याशी ओतले जात असेल, तर प्रथम पन्हळी लावून ते दूर न्यावे. अंगणाचा उतारही घरापासून बाहेरच्या बाजूला करून घ्यावा. एवढे करूनही ओल राहिली, तर चराचा विचार करावा.

चर घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून साधारण एक ते दीड मीटर अंतरावर आखतात. भिंतीला खेटून पायाच्या तळापेक्षा खोल खणल्यास पायाखालची माती निसटून भिंतीला तडे जाण्याचा धोका असतो. चराची रुंदी ३० ते ४५ सेंटिमीटर पुरते. खोली खडकाच्या व पायाच्या पातळीवरून ठरते. तळाला १०० मीटरला १ मीटर, म्हणजेच १५ मीटर लांबीला १५ सेंटिमीटर, इतका अखंड उतार द्यावा. तो डोळ्यांच्या अंदाजाने न देता, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी घेऊन तपासावा. मध्येच कोठे खोलगट भाग राहिला, तर तेथे गाळ बसतो.

यानंतर चराच्या तळाला व बाजूंना भूवस्त्र, म्हणजे पाणी झिरपू देणारे न विणलेले जाड कापड, अंथरतात. त्यावर धुतलेल्या खडीचा थर देऊन सुमारे १०० मिलिमीटर व्यासाची सच्छिद्र नळी ठेवतात. नळीची छिद्रे खालच्या बाजूस असावीत. चरात पाणी तळापासून वर चढत असल्याने, खालच्या छिद्रांतून ते कमी उंचीवर असतानाच नळीत शिरते. पुन्हा खडी भरून कापडाची दोन्ही टोके एकमेकांवर सुमारे ३० सेंटिमीटर येतील अशी दुमडावीत आणि वर मातीचा थर द्यावा. छपराचे पाणी या सच्छिद्र नळीत कधीही सोडू नये. त्यासाठी छिद्रे नसलेली स्वतंत्र नळी असावी. नाहीतर जे पाणी बाहेर काढायचे, तेच पुन्हा पायाशी पेरले जाईल.

टिकाऊपणाचे मर्म

असा चर निकामी होतो तो बहुधा गाळाने. पाण्याबरोबर आलेले मातीचे सूक्ष्म कण खडीच्या पोकळ्यांत बसतात आणि काही वर्षांत खडी व माती यांत फरक उरत नाही. म्हणून पाण्याला आत घेणे आणि मातीला बाहेर ठेवणे, ही दोन्ही कामे चराला एकाच वेळी करावी लागतात. भूवस्त्र त्यासाठीच असते. काळ्या चिकट मातीत मात्र त्याची छिद्रे लिंपली जाण्याचा संभव असतो. तेथे कापडाबाहेर जाड्या, स्वच्छ वाळूचा थर देणे हितावह ठरते. काळी माती भिजली की फुगते व वाळली की आकसते. तिच्यात चर खणण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

खर्च वाचवण्यासाठी खडी न धुता वापरली, तर तिच्यातील भुकटीच पहिला गाळ होते. पिंपळ, वड, उंबर यांची मुळे ओलाव्याकडे धावतात, म्हणून अशा झाडांजवळून चर नेऊ नये. चराच्या आरंभी व प्रत्येक वळणावर झाकण असलेली उभी नळी ठेवावी. पावसाळ्यापूर्वी तिच्यातून पाणी सोडून ते दुसऱ्या टोकाला वेगाने बाहेर पडते का, हे पाहावे. बाहेरच्या तोंडाला जाळी असावी, म्हणजे उंदीर-घुशी आत शिरत नाहीत.

पाणी सोडावे कोठे?

चराचे शेवटचे टोक ही त्याची खरी कसोटी आहे. पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडले, तर आपली ओल त्याच्या भिंतीला लागते. ते सार्वजनिक पावसाळी गटारात सोडायचे असल्यास स्थानिक संस्थेची परवानगी घ्यावी. घराजवळ शोषखड्डा करणेही झाशीसारख्या ठिकाणी पुरेसे नसते. खाली खडक असल्याने तो ऐन पावसात तुडुंब भरतो आणि पाणी उलट फिरते. उताराच्या खालच्या अंगाला मोकळी विहीर किंवा तळे असेल, तर गाळ बसवणाऱ्या हौदातून ते पाणी तिकडे नेणे सर्वांत चांगले. मात्र वाटेत मैल्याची टाकी नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

बुंदेलखंडात पाणी अडवण्याची परंपरा मोठी आहे. चंदेल राजांनी बांधलेले तलाव आजही या प्रदेशात आढळतात. पावसाचे पाणी जेथे अपाय करते तेथून हलवून जेथे उपयोगी पडेल तेथे नेणे, हीच त्या तलावांमागची दृष्टी होती. घराच्या कोपऱ्यातला हातभर रुंदीचा चरही तेच काम करू शकतो. पाया कोरडा ठेवणारे पाणी विहिरीपर्यंत पोचले, तर एकाच खर्चात घराची भिंत टिकते आणि उन्हाळ्यातील पाण्याची थोडी तरतूदही होते.