फीड-बदलकाचे संगणकीय नियंत्रण

अनेक साधनांपैकी हवे ते साधन ठरलेल्या जागी आणून स्थिर करणाऱ्या यंत्रणेचे, आज्ञावलीच्या लहान व स्वतंत्र घटकांद्वारे केलेले नियंत्रण. टरेट लेथमध्ये कर्तन हत्यारे फिरत्या बुरुजावर बसविलेली असतात व बुरूज फिरवून पुढील हत्यार कामावर आणले जाते. हेच तत्त्व पुणे जिल्ह्यातील जुन्नर–आंबेगाव परिसरात रेडिओ ज्योतिषशास्त्रासाठी उपयोगात आणलेले आहे.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारला व २००१ मध्ये तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्यात ४५ मी. व्यासाच्या ३० अन्वस्तीय तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ खोडदजवळ एकवटलेल्या असून १६ तीन लांब भुजांवर विखुरलेल्या आहेत. त्यांतील कमाल अंतर सु. २५ किमी. आहे. प्रत्येक तबकडीच्या नाभीवर, तळापासून सु. १८.५ मी. अंतरावर, चार बाजूंचा फिरता बुरूज असतो. त्याच्या बाजूंवर निरनिराळ्या कंप्रतापट्ट्यांतील रेडिओ तरंग ग्रहण करणारे ‘फीड’ बसविलेले असतात. निरीक्षणाची कंप्रता बदलावयाची असल्यास योग्य फीड तबकडीसमोर आणावा लागतो.

अशा यंत्रणेची आज्ञावली कामांनुसार विभागणे हितावह असते. एक घटक आलेली आज्ञा ग्राह्य आहे की नाही हे तपासतो. दुसरा बुरुजाचा कोन वाचतो. तिसरा चलित्राला गती देतो व इष्ट स्थान जवळ येताच ती कमी करतो. चौथा केवळ सुरक्षेचे काम पाहतो. चलित्रास वीजपुरवठा चालू असूनही कोन बदलत नसेल, तर बुरूज अडकला आहे असे मानून तो प्रवाह खंडित करतो. बुरुजापासून केबली खाली येत असल्याने त्यास एकाच दिशेने अखंड फिरू देता येत नाही. ही मर्यादाही हाच घटक पाळतो. सुरक्षेचा घटक तबकडीपाशीच असणे आवश्यक ठरते. कारण दूरच्या नियंत्रणकक्षाशी संपर्क तुटल्यास तेथून थांबण्याची आज्ञा पोहोचू शकत नाही.

घटक स्वतंत्र असल्यास कोनवाचकाच्या जागी कृत्रिम आकडे पुरवून उर्वरित आज्ञावलीची चाचणी टेबलावरच घेता येते. कोनमापक बदलला तरी फक्त एकच घटक नव्याने लिहावा लागतो.

आज्ञा दिली म्हणजे ती पाळली गेली असे गृहीत धरणे हा या क्षेत्रातील मुख्य धोका होय. लेथवरील चुकीचे हत्यार कार्यवस्तू बिघडवते व चूक तत्काळ दिसते. अर्धवट फिरलेला फीड मात्र क्षीण संकेत व गोंगाट ग्रहण करीतच राहतो आणि आकडे येतच राहतात. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्यांमधील संकेतांची तुलना करून प्रतिमा मिळविली जाते. एका तबकडीतील चुकीने त्यांपैकी २९ जोड्या दूषित होतात. म्हणून प्रत्यक्ष मोजलेला कोन इष्ट कोनाशी जुळल्याखेरीज ‘फीड जागेवर आला’ असा अहवाल देऊ नये, हा अशा आज्ञावलीचा मूलभूत नियम मानला जातो.