चाळिशीनंतरचा फिल्म कॅमेरा: आधी लेन्स, मग बॉडी

मराठीत ‘चाळिशी’ म्हणजे वयही आणि चष्माही. फिल्मवरच्या छायाचित्रणाकडे पुन्हा वळणाऱ्या अनेक हौशी मंडळींना हे दोन्ही अर्थ एकदमच भेटतात. कॉलेजच्या दिवसांतला मॅन्युअल फोकसचा कॅमेरा कपाटातून निघतो, ३६ फोटोंचा रोल भरला जातो, आणि रोल धुऊन आल्यावर कळते की बरेच चेहरे अस्पष्ट आहेत. हात हलला असेल, फिल्म जुनी असेल, लॅबमध्ये काही बिघडले असेल, अशी कारणे शोधली जातात. पुष्कळदा खरे कारण डोळ्यात असते. डिजिटल कॅमेऱ्यात चूक लगेच पडद्यावर दिसते. फिल्मवर ती दिसेपर्यंत प्रसंग होऊन गेलेला असतो आणि रोलचे, धुलाईचे पैसेही खर्च झालेले असतात.

म्हणूनच या वयात ऑटोफोकसचा फिल्म कॅमेरा घ्यावा, हा विचार योग्य आहे. मात्र असे कॅमेरे आता प्रामुख्याने जुन्या बाजारातच मिळतात, आणि कॅमेऱ्यावर बसणारी प्रत्येक लेन्स त्यावर चालतेच असे नाही. निवड करताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात: कोणती लेन्स वापरायची आणि आपल्या डोळ्यांना कोणता व्ह्यूफाइंडर मानवतो. कॅमेऱ्याचे मॉडेल त्यानंतर ठरते.

डोळ्याचा फोकस कसा बिघडतो?

जवळचे पाहताना डोळ्यातील सिलिअरी स्नायू आकुंचन पावतो आणि डोळ्याचे नैसर्गिक भिंग फुगीर होते. वयानुसार हे भिंग कडक होत जाते आणि फुगण्याची त्याची क्षमता घटते. वयाच्या दहाव्या वर्षी साधारण ९ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसू शकते. साठीत हेच अंतर सुमारे ८० सेंटिमीटरपर्यंत जाते. चाळिशीचा चष्मा लागतो तो यामुळेच.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो आणि धुरकट काचेच्या पडद्यावर प्रतिमा तयार करतो. आयपीसमधून आपण ती प्रतिमा पाहतो. बहुतेक कॅमेऱ्यांत आयपीसची रचना अशी असते की ही प्रतिमा डोळ्याला साधारण १ मीटरवर असल्यासारखी भासते. पंचविशीच्या डोळ्याला हे अंतर काहीच नाही. साठीच्या डोळ्याला ते जेमतेम पेलते आणि थोड्या वेळाने ताण येतो. समोरचे दृश्य दूरचे असले, तरी डोळ्याला जवळचेच काम करावे लागत असते. दूरचे उत्तम दिसणाऱ्या माणसाचाही फोकस चुकतो तो इथे.

यावर पहिला उपाय आहे डायॉप्टर समायोजन. आयपीसशेजारच्या छोट्या चाकाने किंवा पट्टीने प्रतिमा आपल्या नंबरानुसार जुळवता येते. निकॉनच्या एफ-८० आणि एफ-१०० या मॉडेलांत ही सोय अंगभूत आहे. जुळवताना समोरच्या दृश्याकडे पाहू नये. व्ह्यूफाइंडरमधील चौकटीच्या रेषा आणि आकडे ठसठशीत दिसेपर्यंत चाक फिरवावे. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर काचेचा कोणता भाग आयपीससमोर येतो त्यावर दिसणे अवलंबून असते. त्यामुळे नेहमी कॅमेरा धरतो त्याच पवित्र्यात हे जुळवावे.

कॅमेरा फोकस कसा ओळखतो?

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी-३५ एएफ. लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआरमध्ये खरी झेप घेतली ती १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. पाठोपाठ १९८६ मध्ये निकॉनचा एफ-५०१ आणि १९८७ मध्ये कॅननचा ईओएस ६५० आला.

या सर्व एसएलआर कॅमेऱ्यांचे तत्त्व एकच आहे. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला थोडा प्रकाश मागच्या लहान आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या संवेदकाकडे वळतो. लेन्सच्या एका बाजूने आलेली आणि दुसऱ्या बाजूने आलेली अशा दोन प्रतिमा तिथे वेगवेगळ्या पडतात. दोन्हींमधले अंतर अपेक्षित असेल तर फोकस बरोबर. ते कमी किंवा जास्त असेल, तर लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवायची हे कॅमेऱ्याला त्यावरून कळते.

या पद्धतीच्या मर्यादाही त्यातूनच येतात. तुलना करायला काही रेषा, कडा, पोत लागतो. कोऱ्या भिंतीवर किंवा एकसारख्या आकाशावर लेन्स नुसतीच पुढे-मागे फिरत राहते. खिडकीच्या गजांसारख्या पुन्हापुन्हा येणाऱ्या रेषा संवेदकाला गोंधळात टाकतात. फोकसचे काही बिंदू फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या रेषा ओळखतात. अशा वेळी कॅमेरा थोडा तिरका करून फोकस घ्यावा आणि मग सरळ करावा. मधला बिंदू सहसा दोन्ही प्रकारच्या रेषा ओळखतो, म्हणून अंधूक प्रकाशात तोच वापरावा. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकाला लेन्सचे कमाल छिद्र किमान एफ/५.६ इतके मोठे लागते. त्याहून लहान छिद्राची लेन्स किंवा वर जोडलेला टेलिकन्व्हर्टर असेल तर ऑटोफोकस अडखळते.

जुळते ते आणि नुसतेच बसते ते

कॅननने १९८७ मध्ये आपला जुना माउंट सोडून दिला. नव्या ईएफ माउंटमध्ये फोकसची मोटर प्रत्येक लेन्समध्ये आली आणि कॅमेऱ्याशी संपर्क केवळ विजेच्या टोकांनी होऊ लागला. त्या वेळी हा निर्णय अनेक ग्राहकांना जाचक वाटला. आज त्याचाच फायदा होतो. कॅननची कोणतीही ईएफ लेन्स कोणत्याही ईओएस फिल्म कॅमेऱ्यावर चालते. ईएफ-एस आणि आरएफ लेन्स मात्र त्यावर बसत नाहीत.

निकॉनने १९५९ पासूनचा एफ माउंट कायम ठेवला. सुरुवातीला मोटर कॅमेऱ्यात होती आणि एका बारीक दांड्याने ती लेन्स फिरवत असे. पुढे मोटर लेन्समध्ये आली, नंतर लेन्सवरचे छिद्राचे कडे गेले. माउंटचा आकार तोच राहिल्याने लेन्स बसते, पण सगळे काम करतेच असे नाही. नावात ‘डी’ असलेल्या जुन्या एएफ लेन्स निकॉनच्या सर्व मुख्य ऑटोफोकस फिल्म कॅमेऱ्यांवर चालतात. कडे नसलेल्या ‘जी’ लेन्ससाठी एफ-८०, एफ-१००, एफ-५ किंवा एफ-६ हवा. एफ-४ आणि एफ-९० वर त्या केवळ प्रोग्राम आणि शटर-प्राधान्य या दोन पद्धतींत वापरता येतात. आत मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सचे ऑटोफोकस एफ-५०१ वर होत नाही. ‘ई’ प्रकारात छिद्र विजेवर उघडझाप करते, त्यामुळे या फिल्म कॅमेऱ्यांवर ते लहान करता येत नाही. एएफ-पी लेन्स तर फोकसच करत नाहीत. डीएक्स लेन्स लहान डिजिटल संवेदकासाठी बनलेल्या असल्याने ३५ मिमी फिल्मच्या कडा काळ्या येतात.

घरात आधीच फुल-फ्रेम डीएसएलआर असेल, तर निर्णय सोपा होतो. कॅननच्या ईएफ लेन्स असतील तर कोणताही ईओएस फिल्म कॅमेरा घ्यावा. निकॉनच्या ‘जी’ लेन्स असतील तर एफ-८० किंवा एफ-१००. वडिलांच्या काळातल्या निकॉनच्या मॅन्युअल लेन्सही वापरायच्या असतील तर एफ-१०० बरा, कारण एफ-८० त्यांच्यावर प्रकाशमापन करत नाही. मिररलेस कॅमेऱ्याच्या लेन्स मात्र फिल्म एसएलआरवर उपयोगी नाहीत. त्या फिल्मच्या खूप जवळ बसण्यासाठी बनलेल्या असतात आणि मध्ये आरसा असल्याने तेवढी जागाच नसते.

पहिली लेन्स कोणती?

एकच लेन्स घ्यायची असेल, तर ५० मिमी एफ/१.८ हे सर्वांत शहाणपणाचे उत्तर आहे. ती हलकी, स्वस्त आणि सहज मिळणारी असते. जुन्या कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचे छिद्र लांब टोकाला बहुधा एफ/५.६ असते. त्याच्या तुलनेत एफ/१.८ मधून जवळपास दहापट प्रकाश आत येतो. संध्याकाळी घरात ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/१.८ ला १/८० सेकंद शटर पुरत असेल, तर एफ/५.६ ला १/८ सेकंद लागेल. एवढ्या वेळात हात हलतोच. डिजिटलप्रमाणे मध्येच आयएसओ वाढवण्याची सोय फिल्ममध्ये नाही. त्यामुळे लेन्सचे छिद्र इथे अधिक मोलाचे. जास्तीचा प्रकाश व्ह्यूफाइंडरही उजळ करतो आणि थकलेल्या डोळ्याला ते मानवते.

याची किंमतही मोजावी लागते. ५० मिमी लेन्सवर एफ/१.८ ला १ मीटरवरच्या चेहऱ्याचा फक्त ४ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. नाकाचे टोक स्पष्ट आणि डोळे धूसर, असे होऊ शकते. एफ/८ ला हा पट्टा सुमारे १८ सेंटिमीटर होतो. म्हणून फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर घ्यावा आणि पुरेसा प्रकाश असेल तेव्हा छिद्र लहान ठेवावे.

घरातले सोहळे, गल्ल्या, देवळे यांसाठी ३५ मिमी आणि चेहऱ्यांसाठी ८५ मिमी ही पुढची पायरी. मोठ्या छिद्राची जड झूम लेन्स घेण्याआधी मान आणि मनगटाचा विचार करावा. बॉडीच्या वजनातही मोठा फरक असतो. निकॉन एफ-५ सुमारे १२१० ग्रॅम, एफ-८० सुमारे ५१५ ग्रॅम, तर कॅनन ईओएस ३०० केवळ ३३५ ग्रॅमच्या आसपास. खांदा किंवा मान आधीच दुखत असेल, तर हलकी बॉडी घ्यावी आणि पट्टा गळ्यात न घालता खांद्यावरून तिरपा घ्यावा.

चष्मा लावून पाहताना

चष्मा असलेल्यांनी कॅमेऱ्याचा ‘आय पॉइंट’ पाहावा. आयपीसपासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण चौकट दिसते, ते हे अंतर. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर असते. एफ-८० चा आय पॉइंट सुमारे १७ मिलिमीटर असल्याने चष्म्यातून कोपरे कापल्यासारखे वाटू शकतात. एफ-१०० मध्ये तो सुमारे २१ मिलिमीटर आहे. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण डोळ्याला लगेच जाणवतो. त्यामुळे शक्य असेल तर स्वतःचा चष्मा लावून कॅमेरा हाताळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कॅननने १९९२ च्या ईओएस ५ मध्ये वेगळीच कल्पना आणली. आयपीसमधील अवरक्त किरण डोळ्यावर टाकून नजर कोणत्या बिंदूकडे आहे हे कॅमेरा ओळखतो आणि तिथेच फोकस घेतो. मात्र चष्म्याच्या काचेवरून होणारे परावर्तन त्यात अडथळा आणते. चष्मा असलेल्यांनी केवळ या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत. ती बंद ठेवूनही कॅमेरा उत्तम चालतो.

बुरशी, चिकटा आणि बॅटरी

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या जुन्या लेन्सचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांवर राहिली की काचेवरच्या धुळीवर बुरशीचे तंतू वाढू लागतात. त्यांच्यातून निघणारी आम्ले काचेवरचा लेप कोरतात. बुरशी साफ केली, तरी कोरलेल्या खुणा राहतात. लेन्स घेताना छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा दुधाळ थर दिसला तर लेन्स सोडून द्यावी. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का, तेही पाहावे. घरी लेन्स कातडी पिशवीत ठेवू नये, कारण कातडे ओलावा धरून ठेवते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राखावी आणि लेन्स अधूनमधून वापरावी.

कॅमेऱ्याची पाठ उघडून शटरची पाती पाहावीत. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील काही ईओएस मॉडेलांत शटरजवळचा फोम वितळून काळा चिकटा पात्यांवर येतो. निकॉनच्या त्या काळातील काही बॉडींचे रबरी आवरण चिकट होते. त्याचा त्रास होतो, पण ते पुसून काढता येते. शटरचा दोष मात्र खर्चिक असतो, आणि या कॅमेऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग आता सहज मिळत नाहीत. बॅटरीही आधीच विचारून घ्यावी. एफ-१०० चार साध्या ‘एए’ सेलवर चालतो आणि ते गावातल्या दुकानातही मिळतात. एफ-८० ला दोन सीआर-१२३ए लागतात, तर ईओएस ५० ला २सीआर५. त्यांचा एक जादा संच जवळ असू द्यावा.

पहिला रोल तपासणीचा

कॅमेरा घेतल्यावर पहिला रोल लग्नात किंवा सहलीत भरू नये. एक वर्तमानपत्र भिंतीवर लावावे आणि वेगवेगळ्या अंतरांवरून, एकदा पूर्ण उघड्या छिद्राने आणि एकदा एफ/८ ने फोटो घ्यावेत. आकडे वहीत लिहून ठेवावेत. ऑटोफोकसने घेतलेली अक्षरे स्पष्ट आणि मॅन्युअल फोकसची धूसर आली, तर दोष बहुधा लेन्सचा नाही.

अशा वेळी आणखी एक सोपी चाचणी करता येते. व्ह्यूफाइंडरमध्ये आधी उजव्या आणि मग डाव्या डोळ्याने पाहावे. एकाच डोळ्याला दृश्य धूसर किंवा पिवळट दिसत असेल, तर कॅमेरा दुरुस्तीला नेण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चष्म्याचा नंबर बदललेला असू शकतो किंवा मोतीबिंदूची ती सुरुवात असू शकते. चाळिशीनंतर डोळ्यांची तपासणी ठरावीक काळाने करायचीच असते.