एक जिना, शंभर बिऱ्हाडं!

मुलांनो, एक चाळ डोळ्यांपुढे आणा. चार मजले, प्रत्येक मजल्यावर पंचवीस बिऱ्हाडं आणि जिना मात्र एकच! सकाळी सातला कोणी दूध घेऊन वर चाललंय, कोणी दप्तर सावरत खाली उतरतंय आणि नेमकं तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरच्यांचं लोखंडी कपाट वर चढवलं जातंय. काय होईल? बरोब्बर! ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर रोज हेच होतं.

मी याच रस्त्यालगतच्या एका शाळेत शिकवते. उशिरा येणाऱ्यांना मी कितीतरी दिवस दाराबाहेर उभं करत असे. एकदा तिसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, आमच्या खिडकीतून शाळा दिसते, पण रस्ताच ओलांडता येत नाही." संध्याकाळी मी तिला सोडायला गेले. एकामागून एक ट्रक, संपेचनात! आम्ही दोघी हात धरून नुसत्या उभ्या. दुसऱ्या दिवसापासून माझी ती शिक्षा बंद झाली आणि फळ्यावर नकाशा आला. तुम्हीही वही घ्या पाहू.

एक आडवी रेघ काढा. उजव्या टोकाला लिहा माजिवडा. इथे मुंबई-नाशिक महामार्ग आहे. डाव्या टोकाला घोडबंदर. तिथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग भेटतो. (पूर्वी तिथल्या बंदरात घोडे उतरत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.) आता रेघेच्या खाली येऊरचे डोंगर काढा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, तिथे बिबटे राहतात. रेघेच्या वर खाडी आणि तिच्या कडेची तिवरं. मधे उरली ती चिंचोळी पट्टी. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे ही सगळी गावं त्या पट्टीत. शहराला ना डोंगरात शिरता येत, ना खाडीत. मग ते पडवळासारखं लांबच लांब वाढलं.

पूर्वी इथे भातखाचरं होती. पुढे माजिवड्याकडच्या बाजूला कारखाने आले. कारखाने बंद पडत गेले तशा त्यांच्या जागी उंच इमारती उठल्या. लोकांना घर हवं होतं, मुंबईपेक्षा इथे स्वस्त मिळत होतं. त्यात त्यांचं काय चुकलं? पण नोकरी राहिली दूर आणि आगगाडीचं स्टेशनही दूर. गंमत बघा, १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी आगगाडी मुंबईहून ठाण्यालाच आली होती! पण कासारवडवलीच्या माणसाला ती गाठायची तर आधी रस्त्यानं आठ-दहा किलोमीटर यायला हवं.

आणि कपाट? ते म्हणजे न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे अवजड कंटेनर. त्यांना ना वाघबीळला उतरायचं, ना ओवळ्याला. त्यांना नुसतं पलीकडे जायचंय, पण जिना तोच. म्हणून मग पूल बांधले. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ. थोडी सुटका झाली, नाही असं नाही. पण फुगा इथे दाबला की तिथे फुगतो ना, तसंच. पूल उतरला की पुढे गायमुखचा घाट. जंगलातून जाणारा, वळणांचा, अरुंद. तिथे एक ट्रक बंद पडला की रांग थेट मागे येते.

"पण बाई, कुठे काय बांधायचं हे कोण ठरवतं?" माझ्या वर्गानं विचारलंच. त्यासाठी कायदा आहे बरं का, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा बनतो. रंगीत नकाशाच तो. राहायची जागा पिवळी, कारखान्यांची जांभळी, बागांची हिरवी. शाळा, दवाखाना, मैदान यांच्यासाठी जागा राखून ठेवतात, तिला आरक्षण म्हणतात. आराखडा पक्का होण्याआधी तो लोकांसमोर ठेवावा लागतो आणि ठरावीक मुदतीत कोणालाही हरकत किंवा सूचना लेखी देता येते. हे वाक्य आईबाबांना मोठ्यानं वाचून दाखवा, कारण त्यातल्या पुष्कळांना ते माहीतच नसतं!

खरा प्रश्न आहे तो आधी काय, या गोष्टीचा. आधी घरं की आधी गाडी? डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या लोकांनी १९४७ मध्ये पंजासारखा आराखडा केला. हात टेबलावर पसरून ठेवा. तळवा म्हणजे जुनं शहर, प्रत्येक बोटात एक रेल्वेमार्ग आणि त्याच्या कडेला घरं, बोटांच्या मधे शेतं न् झाडी. आपल्याकडे घरं आधी आली. घोडबंदर रस्त्यावरून जाणाऱ्या मेट्रो ४ ची पायाभरणी झाली डिसेंबर २०१६ मध्ये, आणि गायमुखकडच्या भागात चाचणीची गाडी धावली सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर तिच्या खांबांसाठी लावलेल्या पत्र्यांनी रस्ता आणखीच अरुंद केला. डोंगराखालून बोरिवलीला जाणाऱ्या जोडबोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मधलं. मला विचाराल तर बोगद्यापेक्षा मला मेट्रोचा भरवसा जास्त वाटतो. चाळीस मोटारींत जेवढी माणसं बसतात तेवढी मेट्रोच्या एका डब्यातही मावतात आणि वर जागा उरते.

आमच्या वर्गानं हा नकाशा मोठ्या पुठ्ठ्यावर काढला. एक मुलगा बराच वेळ खाडीकडे बघत बसला होता. म्हणाला, "बाई, इथे पाणी रिकामंच आहे की! होडी का नाही?" मी हसले, पण घरी जाऊन शोधलं. आपली ही खाडी २०१६ च्या कायद्यानं चक्क राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाली आहे! दुसऱ्या दिवशी हे सांगितलं, तेव्हा त्याची होडी काढून झाली होती. ती पुठ्ठ्यावर अजून आहे. होडीत तो स्वतः बसलाय, पाय पाण्यात सोडून, आणि दप्तर मांडीवर.