प्रतिकृतीवरचा डाग खरा की खोटा?

मिग-२१ हे लढाऊ विमान १९६३ ते २०२५ भारतीय हवाई दलात होते. नाशिकजवळ ओझरला ते तयारही होत असे. त्याच्या पंखांच्या टोकांमधले अंतर ७.१५ मीटर, ७२ पट लहान केलेल्या आमच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीत ते साधारण १० सेंटिमीटर झाले. जुळणी आणि रंगकाम झाले, पण नवेकोरे विमान खेळणेच वाटे. म्हणून त्याला वापरलेले रूप द्यायचे ठरवले.

पत्र्यांचे जोड दाखवायला प्लॅस्टिकवर खाचा असतात. पातळ केलेल्या काळ्या रंगाचा कुंचला खाचेला टेकवला, की केशाकर्षणाने रंग आपोआप पुढे सरकतो. पण खाच ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तर खऱ्या विमानात ती ०.२ × ७२ = १४.४ मिलिमीटर होईल! जोडांत एवढ्या फटी नसतात. म्हणून आम्ही काळ्याऐवजी करडा रंग वापरला. खाच कमी उठून दिसते.

डागांनाही कारण लागते. उड्डाणात तेलाचे ओघळ वाऱ्याबरोबर मागे जातात, उभ्या विमानावर खाली. तंत्रज्ञांचे पाय पडतात तिथला रंग झिजतो. कारण सांगता आले नाही, ते डाग आम्ही पुसले. हे विमान आता आपल्या हवाई दलात नाही. मुले प्रतिकृतीवरूनच ते ओळखणार. तेव्हा वर्गात प्रतिकृती आणलीत, तर प्रत्येक डागापाशी विचारा : हा इथेच का?