वनसहल आणि सुरक्षितता

१९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा, वैनगंगेकाठचे मार्कंडा, कमलापूरचा हत्तीकॅम्प. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील ही स्थळे सहलींना साद घालतात. वनसहल म्हटली की मनात प्रथम वाघाचे भय येते. वस्तुतः वाहनातून न उतरण्याचा नियम पाळल्यास ते भय बरेच दूर होते. ऊन, साप व डास यांचा विचार मात्र मागे पडतो.

मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून सहल शक्यतो हिवाळ्यात काढावी.

मुक्कामात उघड्या जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री फिरते. तिच्या दंशाने वेदना वा सूज फारशी होत नाही आणि झोपेतील दंश ध्यानातच येत नाही. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी साप व डास या दोहोंपासून रक्षण करते. दंशाची शंका येताच जखम कापू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

गडचिरोलीच्या वनभागात मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपॅरम हिवताप आढळतो. डास चावल्यानंतर ताप येण्यास बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. तोवर सहलीचा विसर पडलेला असतो. यास्तव शिक्षकांनी परतताच पालकांना सूचना द्यावी: महिनाभरात ताप आल्यास रक्त तपासावे व वनसहलीचा उल्लेख डॉक्टरांकडे अवश्य करावा. मुले घरी पोहोचली म्हणजे सहलप्रमुखाची जबाबदारी संपली, असे नव्हे.