बाटली बदलली, पण कुलूप तेच!

मैत्रिणींनो, कपाशीवर एकामागून एक तीन औषधं मारली तरी तुडतुडे हलत नाहीत, ही तक्रार गटाच्या बैठकीत दर हंगामात ऐकू येते. औषध बोगस निघालं, असं आपण म्हणून मोकळ्या होतो. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा गोष्ट वेगळी असते. तीन बाटल्यांची नावं वेगळी, भाव वेगळे, आत मात्र एकाच जातीचं औषध! गटातून उचललेलं कर्ज त्यात जातं, म्हणून हे नीट समजून घेऊ या.

किडीच्या अंगातही आपल्यासारखेच मज्जातंतू असतात. दोन मज्जातंतूंच्या मध्ये बारीकशी फट असते. निरोप पलीकडे न्यायला त्या फटीत एक रसायन सुटतं आणि पलीकडच्या कुलपात किल्लीसारखं बसतं. कुलूप उघडलं की निरोप पोचला. या कुलपाला शास्त्रज्ञ रिसेप्टर म्हणतात, आपण कुलूपच म्हणू. काही कुलपं ‘चल’ म्हणून सांगणारी, काही ‘थांब’ म्हणून सांगणारी. बरीचशी कीटकनाशकं म्हणजे या कुलपांच्या खोट्या किल्ल्या.

आपल्यात मिश्री लावणाऱ्या बाया काही कमी नाहीत, म्हणून तिथूनच सुरुवात करू. पहिल्यांदा मिश्री लावली की गरगरतं, मळमळतं. ते काम तंबाखूतल्या निकोटीनचं. अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनासाठी आपल्या शरीरात जे कुलूप आहे, त्यात निकोटीन घुसतं. किडीतही त्या जातीचं कुलूप असतं, म्हणून तर पूर्वी माव्यावर तंबाखूचा काढा मारायचे. (काढा घरचा म्हणून निर्धोक, असं समजू नका बरं. निकोटीन कातडीतूनही अंगात जातं.)

याच कुलपात बसणारी औषधं पुढे कारखान्यात तयार झाली: इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रिड, क्लोथियानिडिन. ही किल्ली किडीच्या कुलपात घट्ट बसते आणि निघत नाही. कीड थरथरते, लुळी पडते, मरते. माणसाच्या कुलपात ती तितकी घट्ट बसत नाही.

आता बघा. कपाशीचं बियाणं पाकिटातून रंगीत येतं, त्यावर बऱ्याचदा याच जातीचं औषध चोळलेलं असतं. म्हणजे पहिला डोस पेरतानाच झाला. पुढे आपण इमिडाक्लोप्रिड मारतो, गुण आला नाही म्हणून अ‍ॅसिटामिप्रिड, मग थायामेथोक्झाम. कुलूप एकच! हजारो तुडतुड्यांत काहींचं कुलूप जरासं वेगळ्या घडणीचं असतं, काहींना ते विष पचवता येतं. तेवढेच वाचतात, आणि पुढची सगळी पिल्लावळ त्यांचीच. म्हणून दुकानात बाटलीवरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं खरं नाव वाचा. रिकामी बाटली किंवा तिचा फोटो जपून ठेवा आणि पुढच्या वेळी ‘याच्या जातीचं नको, वेगळं द्या’ असं सांगा. कोणतं कोणत्या जातीचं, हे कृषीसखीला विचारता येईल.

वेगळी कुलपं आहेतच. फिप्रोनिल ‘थांब’ सांगणारं गाबा नावाचं कुलूप अडवतं. ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखी कीड नुसती धडपडून मरते. अबामेक्टिन आणि इमामेक्टिन यांचं उलट: ग्लुटामेटचं ‘थांब’ कुलूप ती उघडंच ठेवतात. अळी थोड्या वेळात खाणं सोडते, पण मरायला दोन ते चार दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी अळी दिसली म्हणून लगेच पुन्हा फवारणी करू नका. या जातीचं मूळ औषध जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. त्या कामासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळालं. ग्लुटामेटचं हे कुलूप माणसात नसतं. म्हणून याच कुळातलं आयव्हरमेक्टिन ठरलेल्या मापात जनावरांना आणि माणसांनाही देता येतं. याचा अर्थ शेतातली बाटली सौम्य असा नाही. पोटात गेली तर तीही जिवावर बेतते.

मिरचीचं मात्र आधी पान बघा. पानं वर वळून वाटीसारखी झाली तर बहुधा फुलकिडे. खाली वळून पालथ्या होडीसारखी झाली तर बहुधा कोळी. कोळी हा आठ पायांचा, गोचिडाच्या जातीतला. तो कीटक नव्हेच. इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही. तिथे पैसे पाण्यात जातात. त्याला अबामेक्टिनसारखं कोळ्यावर चालणारं औषध किंवा पाण्यात विरघळणारं गंधकच लागतं.

आता आपल्या जिवाचं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही औषधं किल्ली होत नाहीत. काम झाल्यावर अ‍ॅसिटिलकोलीनची किल्ली मोडून टाकणारं जे एन्झाइम असतं, त्यालाच ती बंद पाडतात. मग किल्ल्या साचतात आणि कुलपं उघडीच राहतात. हे एन्झाइम किडीत आहे तसंच आपल्यातही आहे, म्हणून ही औषधं इतकी घातक. लाळ गळते, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास अडकतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप नवऱ्याच्या पाठीवर असतो खरा, पण पाणी आणून औषध कालवणारी, ते कपडे धुणारी, दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला जाणारी कोण असते, हे तुम्हाला सांगायला नको.

असा त्रास झाला तर दवाखान्यात जाताना बाटली आणि तिच्यासोबतचं माहितीपत्रक घेऊन जाच. मोनोक्रोटोफॉसच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात. फिप्रोनिलवर त्याचा उतारा म्हणून उपयोग नाही, तिथे झटके आवरावे लागतात. ‘फवारणीचं औषध होतं’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. कोणतं होतं, ते कळावं लागतं.

गोठ्यात गोचिडांसाठी आपण अमिट्राझ लावतो. ते ऑक्टोपामाइनच्या कुलपात बसतं. ऑक्टोपामाइनवर कीटक, कोळी, गोचीड यांचं बरंच काम चालतं, आपलं नाही. पण अमिट्राझ माणसाच्या दुसऱ्याच एका कुलपातही बसतं: गुंगी येते, नाडी मंदावते, श्वास हळू होतो, आणि त्यावर थेट उतारा नाही. हातमोजे घालूनच लावा. जनावराला एकमेकांचं अंग चाटू देऊ नका, आणि उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून फडताळात ठेवू नका. कुणाच्या घरी घोडा असेल तर त्याला हे लावायचंच नाही, त्याची आतडी चालेनाशी होतात. त्याच्यासाठी कोणतं औषध, ते पशुसखीमार्फत डॉक्टरांना विचारा.