भातुकलीच्या भांड्यात खरा खाऊ द्यावा का?

आजच्या भागाची ही लेखी आवृत्ती. ज्यांना ऐकायला सवड नाही, किंवा ऐकून झाल्यावर घरातल्या ग्रुपवर पाठवायचंय, त्यांच्यासाठी. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

सुट्टी लागली की एक प्रश्न हमखास येतो. एका श्रोत्या आजींनी तो असा विचारलाय: "नाती भातुकली मांडतात. त्यांना खोटं खोटं जेवण नको असतं, खरे चुरमुरे, खरं सरबत हवं असतं. सून म्हणते, त्या भांड्यांत काही देऊ नका. मी म्हणते, आम्ही नाही का खाल्लं? बरोबर कोण?"

आजी, थोडक्यात सांगायचं तर सूनबाईंचं जास्त बरोबर आहे. पण "काहीच देऊ नका" हेही सगळ्या भांड्यांना लागू नाही. कुठल्या भांड्याला लागू आहे आणि का, ते आज बघू.

खेळण्याची चाचणी वेगळी, ताटाची वेगळी

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यामागचं मानक म्हणजे आयएस ९८७३. त्याचा तिसरा भाग आपल्या कामाचा. त्यात खेळण्याचा रंग खरवडतात, तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात, शरीराच्या तापमानाला म्हणजे ३७ अंशांवर दोन तास ठेवतात आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा अशी आठ मूलद्रव्यं किती सुटली ते मोजतात. ही आहे पोटातल्या आम्लाची नक्कल. म्हणजे चाचणीचा प्रश्न असा: पोरानं खेळणं चाटलं, रंगाचा कपचा गिळला, तर काय होईल?

जेवणाच्या भांड्याला प्रश्न वेगळाच विचारतात. या भांड्यात आंबट, तेलकट, गरम पदार्थ बराच वेळ राहिला, तर भांड्यातलं काय काय त्या पदार्थात उतरेल? त्यासाठी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पाणी, सौम्य व्हिनेगरसारखं आम्ल, तेलासारखा द्रव असं घालून ठरावीक तापमानाला ठरावीक काळ ठेवतात. अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकमधून एकूण किती द्रव्य उतरलेलं चालेल, याची आपल्याकडची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे.

आता लक्षात आलं ना? पहिल्या परीक्षेत पास झालेलं भांडं दुसऱ्या परीक्षेला बसलेलंच नसतं. डब्यावरचं आयएसआय चिन्ह चांगलंच आहे, ते बघूनच खेळणं घ्या. पण ते "यात जेवा" असं सांगत नाही. युरोपात तर कायद्यातच आहे की खेळण्याचा जो भाग अन्नाला लागणार हे उघड आहे, त्यानं अन्नाच्या भांड्यांचेही नियम पाळायचे. म्हणून काही सेटवर पेला आणि काट्याचं छोटं चित्र दिसतं. ते चित्र म्हणजे "अन्नासाठी चालेल".

आणखी एक गोष्ट. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे लाकडी, लाखेची भातुकली चिन्हाशिवाय दिसली म्हणून ती वाईट असं नाही. पण ती तपासलेली आहे, असंही धरून चालू नका.

आता एकेक भांडं घेऊ

*पितळ आणि तांबं.* आजी, "आम्ही नाही का खाल्लं" याचं उत्तर इथे आहे. तुमच्या वेळी भांड्यांना कल्हई असायची. कल्हईवाला दारावर यायचा, भांडं तापवून, नवसागर टाकून आतून कथलाचा हात फिरवायचा. कल्हई उडाली की ताक, आमटी कळकायची आणि आई ते सरळ ओतून द्यायची. कळकणं म्हणजे आंबटामुळे तांबं पदार्थात उतरणं. त्यानं मळमळ, उलट्या होतात. शोकेसमधल्या छोट्या घंगाळाला, पातेल्याला आज कल्हई कोण करतं? शिवाय मोडीतून ओतलेल्या पितळेत शिसंही असू शकतं, आणि कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ असली तर कल्हईसुद्धा कामाची नाही. तेव्हा पितळी भातुकली मांडायला, घासायला, मिरवायला उत्तम. सरबत, ताक, चिंचेचं काही मात्र अजिबात नको.

*अॅल्युमिनियम.* जत्रेत मिळणारी हलकी, पांढुरकी भांडी. आंबट आणि खारट पदार्थाशी या धातूचं जमत नाही. पत्रा पातळ असतो, कडा हाताला लागतात. कोरडे चुरमुरे दोन मिनिटं ठेवले तर आभाळ कोसळणार नाही, पण नेहमीसाठी नको.

*स्टील.* यातल्या त्यात बरं. साधं, रंग न दिलेलं, नक्षीत मिनाकारी नसलेलं स्टील असेल, कडा दुमडलेल्या असतील आणि हँडल डाग लावून चिकटवलेलं नसेल, तर धुऊन खाऊ द्यायला हरकत नाही. काही जण लोहचुंबक लावून बघतात. त्यानं स्टीलची जात थोडीफार कळते, सुरक्षितता नाही. चुंबकाला चिकटणारं स्टीलही स्वयंपाकघरात वापरतात.

*प्लॅस्टिक.* सगळ्यात जास्त घरांत हेच. बूड उलटं करून बघा. त्रिकोणात ५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट नावाची द्रव्यं घालतात, ती तेला-तुपात उतरतात. पॉलिस्टायरीन उकळत्या चहाच्या तापमानाला मऊ पडायला लागतं. ५ आकडा त्यातल्या त्यात बरा. पण आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. त्यात कुठला रंग घातलाय, माल नवा की भंगारातून आलेला, हे सांगत नाही. म्हणून आकडा बघून "फूड ग्रेड" समजू नका. आणि काहीच छापलेलं नसेल, तर ते भांडं खेळण्यापुरतंच.

*माती आणि चिनीमाती.* साधी, रंग न दिलेली भाजकी बोळकी पाण्याला चालतात. चमकदार झिलई असेल तर सावध. अशी झिलई आणायला शिशाचा वापर जुना आहे, आणि नीट न भाजलेल्या झिलईतून ते आंबट पदार्थात सहज उतरतं. वरून रंगवलेली बोळकी तर नकोच.

*लाकूड.* रंगवलेल्या लाकडात ओलं काही घालू नका. रंग सुटतो, फटीत अन्न अडकतं आणि ते धुता येत नाही. लहान भांड्यांचा हा दोष सगळीकडेच आहे, बरं का. चिमुकल्या किटलीच्या नळीत कुणाचा ब्रश जात नाही. काल ओतलेलं दूध आज तिथेच असतं. शिशाची भीती सगळ्यांना वाटते, पण पोट बिघडायचं कारण बहुतेक वेळा ही नळीच असते.

एवढं घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण शिशाच्या बाबतीत सैलही राहायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या मानानं लहान मूल चार ते पाच पट जास्त शोषतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं मूल आणखी जास्त. आणि परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर, जो त्या दिवशी दिसत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज होता की जगातल्या दर तीन मुलांमागे साधारण एकाच्या रक्तात शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. त्यात बॅटऱ्या आहेत, रंग आहेत, मसाल्यांतली भेसळ आहे. भातुकली त्या मानानं छोटी गोष्ट. पण ही छोटी गोष्ट आपल्या हातातली आहे.

एकदा दोनदा मुलानं खेळण्यातल्या कपातून पाणी प्यायलं, तर डॉक्टरकडे धावायची गरज नाही. मात्र रंग उडालेलं जुनं खेळणं ते रोज तोंडात घालत असेल किंवा त्यात रोज खात-पीत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. रक्तातलं शिसं साध्या तपासणीत कळतं.

मग खेळायचं कसं?

खेळ बंद करू नका, भांडी वाटून घ्या. चूल, जातं, पाटा-वरवंटा, घंगाळ, बंब हे सगळं मांडायला भातुकलीतलं. खाऊ जिथे पडणार, ती भांडी घरातली: चटणीची वाटी, लहान फुलपात्र, छोटी ताटली, चहाचा चमचा. मुलांना आकार लहान हवा असतो, तो यात मिळतोच.

भातुकलीतल्या स्टीलच्या भांड्यात काही द्यायचंच असेल तर कोरडं, गार आणि लगेच संपणारं द्या: चुरमुरे, फुटाणे, बिस्किटाचे तुकडे. गरम, आंबट, तेलकट आणि उरणारं काही नको. भांडी खेळाआधी आणि नंतर साबणानं धुवा, वाळवून ठेवा. रंगाचा टवका उडाला की ते भांडं बाद. आणि तीन वर्षांखालचं भावंडं आसपास असेल तर खाऊ आणि सुटे बारीक तुकडे, दोन्हींकडे लक्ष ठेवा. फुटाणेही त्या वयाला नकोत, घशात अडकतात.

तर आजी, भातुकलीचं लग्न जोरात होऊ द्या. पंगतीला वाट्या तेवढ्या स्वयंपाकघरातल्या द्या. सूनबाईही खूश होतील.

तुमच्याकडे वेगळ्या कुठल्या धातूची किंवा मातीची भातुकली असेल, तर बुडाचा फोटो काढून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूच!